कोल्ट नेव्ही की बेल्जियन नक्कल? जुने रिव्हॉल्वर ओळखण्याच्या खुणा

अमेरिकेतील सॅम्युएल कोल्ट याच्या '१८५१ नेव्ही' या रिव्हॉल्वरइतक्या नकला फार थोड्या हत्यारांच्या झाल्या असतील. यांपैकी बऱ्याच नकला बेल्जियममधील लिएज या शस्त्रकारांच्या शहरात तयार झाल्या. जुन्या वस्तूंच्या बाजारात अस्सल नेव्ही आणि तिची नक्कल यांच्या किमतीत मोठी तफावत असते. त्यामुळे हत्यार नेमके कोणाचे, हा प्रश्न वारंवार उद्भवतो. तो सोडवताना नळीवरच्या ठळक नावापेक्षा बारीक शिक्क्यांना अधिक महत्त्व द्यावे लागते.

अस्सल हत्यार कसे असते?

नेव्ही हे काडतुसांच्या युगाआधीचे, सहा बारांचे रिव्हॉल्वर आहे. सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्यात समोरून दारू व गोळी ठासायची आणि मागच्या बोंडावर तांब्याची टोपी बसवायची, अशी त्याची रचना. अष्टकोनी नळीची लांबी साडेसात इंच, तर कॅलिबर .३६. हार्टफर्ड येथील कारखान्यात १८५० ते १८७३ या काळात अशी सुमारे २,१५,००० रिव्हॉल्वर तयार झाली. लंडनच्या कारखान्यातून आणखी सुमारे ४२,००० बाहेर पडली.

अस्सल नेव्हीच्या नळीवर कोल्टचे नाव व न्यूयॉर्क, हार्टफर्ड किंवा लंडन असा पत्ता असतो. सांगाड्याच्या डाव्या अंगाला 'कोल्ट्स पेटंट' ही अक्षरे असतात. टेक्सासच्या आरमाराची मेक्सिकोच्या जहाजांशी १८४३ साली झालेली लढाई सिलिंडरवर कोरलेली असते. ते चित्र न्यूयॉर्कच्या ऑर्म्सबी या खोदकाराचे. नळी, सांगाडा, चापाचे कडे, मुठीची पट्टी व सिलिंडर या भागांवर एकच अनुक्रमांक असणे, ही सर्वांत उपयोगी खूण होय.

लिएजचे शिक्के

कोल्टच्या परवानगीने लिएजमधील काही कारखानदारांनी ही रिव्हॉल्वर बनवली आणि त्यांवर 'कोल्ट ब्रेव्हते' असे कोरले. फ्रेंचमध्ये ब्रेव्हते म्हणजे पेटंट घेतलेले. परवानगी न घेता बनवणारेही होतेच. नाव कोणालाही कोरता येत असे. पण लिएजच्या शस्त्रकाराला सरकारी चाचणी चुकवता येत नव्हती. नेपोलियनच्या १८१० च्या हुकुमाने तेथे प्रत्येक नळीची दारू भरून चाचणी घेणे सक्तीचे झाले होते. नक्कल उघडी पडते ती याच चाचणीच्या शिक्क्यांमुळे.

बहुधा सिलिंडरवर आढळणारा लंबगोल शिक्का आधी शोधावा. त्यात ई, एल, जी ही अक्षरे असतात. १८९३ पासून या लंबगोलावर मुकुट आला. मुकुट नसेल तर चाचणी त्याआधीची समजावी. १८५३ पासून 'पेरों' हा लिएजच्या प्रसिद्ध स्तंभाचा छोटा ठसाही वापरात आला. तपासनिसाच्या अक्षरावर १८७७ पर्यंत मुकुट असे, पुढे तारा आला. एवढ्या खुणांवरून निर्मितीचा काळ बराचसा निश्चित करता येतो.

मात्र परदेशी शिक्का दिसला म्हणजे नक्कलच, असे समजू नये. लंडनमध्ये बनलेल्या अस्सल कोल्टवर इंग्लंडच्या चाचणीगृहाचे शिक्के असतातच. म्हणून पत्ता, अनुक्रमांक, खोदचित्र आणि शिक्के यांची साक्ष एकत्र घ्यावी.

तिसरी शक्यता

१९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत या रिव्हॉल्वरच्या नव्या प्रतिकृती बनू लागल्या. त्यांपैकी काहींना मुद्दाम गंज चढवून जुन्या म्हणून विकले जाते. अशा हत्यारावर इटलीच्या चाचणीगृहाचे ठसे आणि चौकटीत निर्मितीवर्षाचा संकेत आढळतो. फक्त काळी दारू वापरावी, अशी इंग्रजी सूचनाही पुष्कळदा असते. हे ठसे कानशीने घासून काढलेले असतील, तर तो खोलगट, अस्वाभाविक गुळगुळीत भागच फसवणुकीची खूण ठरतो.

हाताळण्यापूर्वी

गंजलेले जुने हत्यार रिकामेच असेल, असे कधीही गृहीत धरू नये. कप्प्यांत पूर्वीची दारू तशीच असू शकते. बोंडावर टोपी असेल तर धोका अधिक. चाप ओढून पाहू नये. पॉलिश-कागदाने घासूही नये, कारण गंजाबरोबर शिक्केही जातात.

कायद्याची बाजूही आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ नुसार जुनाट पद्धतीच्या किंवा पुराणमूल्य असलेल्या शस्त्राला सूट मिळते. पण ते दुरुस्त करूनही वापरता येणार नाही, अशा अवस्थेत असावे लागते. केवळ जुने किंवा वारशाने मिळालेले, एवढे कारण पुरत नाही. घरातील पेटीत असे हत्यार सापडल्यास त्याला हात न लावता प्रथम पोलीस ठाण्याला कळवावे. ते अस्सल की नक्कल, याचा शोध त्यानंतर सावकाश घेता येतो. नक्कल ठरली तरी ती टाकाऊ नसते. लिएजचे दीडशे वर्षांपूर्वीचे रिव्हॉल्वर हा त्या शहराच्या कारागिरीचा स्वतंत्र पुरावा आहे.