नानीच्या बटव्यातला अंकुशी रुपया

आमच्या नानीकडे एक बटवा होता. त्यात चांदीचे पाच रुपये आणि मूठभर तांब्याच्या शिवराया. ईद जवळ आली की घरातली चांदी चिंच आणि राखेने घासली जायची. हे काम माझ्याकडे असे. नाणे आरशासारखे लखलखले की नानी खूश, मग मीही खूश.

कॉलेजात जुन्या नाण्यांचा नाद लागला, तेव्हा ते रुपये भिंग घेऊन पाहिले. एकावर अंकुशाची खूण दिसली. म्हणजे हा पेशवाईतला अंकुशी रुपया. राज्य पेशव्यांचे, पण नाण्यावर फारसीत नाव दिल्लीच्या शाहआलम बादशहाचे. पुण्याच्या टांकसाळीचे नाव अशा रुपयांवर 'मुहियाबाद पूना' असे येते. पेशव्यांना यात काही वावगे वाटत नव्हते. बाजारात जे नाव चालते ते नाण्यावर, इतका साधा हिशेब. आज याच गोष्टीवरून कुणाशी वाद झाला, तर मी पुस्तक काढत नाही, रुपया दाखवतो.

पण माझ्या रुपयावर साल नाही. मुळात ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे सगळा मजकूर एका नाण्यावर क्वचितच मावतो. माझ्या नाण्यावर काठाला सालाचे दोन आकडे असावेत, असे वाटायला लावणारा नुसता उंचवटा उरला आहे. बाकीचे माझ्या चिंच-राखेने नेले. सराफाने खरेपणा तपासून मारलेली बारीक खूणही अर्धीच दिसते. त्या काळी जुन्या सालाच्या रुपयाला बट्टा बसायचा, म्हणून सराफ आधी साल बघत. मी नेमके तेच पुसून टाकले.

१९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीची १३,०००हून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या ठशावरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. खालची पुसट रेघ शिल्लक राहिली, म्हणून कोण हरले आणि कोण जिंकले ते कळले. कुणी हौसेने ती चकाचक केली असती तर?

शिवरायांची गत वेगळी. त्या मी बाजारातून आणलेल्या मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये ठेवल्या. नव्या रेनकोटसारखा वास यायचा, तोच मला छान वाटे. दोन पावसाळ्यांनी पाहिले तर नाण्यांवर हिरवा चिकट थर. ते पीव्हीसी होते. त्यातून आम्ल सुटते आणि तांबे खाते. पितळेच्या भांड्यात ताक कळकते ना, तसेच. एका शिवराईवरचे 'छत्र' राहिले, 'पति' गेले.

आता नाणी पॉलिएस्टरच्या कडक, बिनवासाच्या पाकिटांत आहेत, प्रत्येक वेगळे. रबरबँड नाही, कारण त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. लाकडी पेटी नाही, काही लाकडांतून आंबट वाफ सुटते. लोखंडी कपाट, आत सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात त्या बदलायच्या. ज्या तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसते ते लगेच बाजूला काढतो. नाणे उचलायचे ते कडेने, खाली मऊ कापड अंथरून. बोटाच्या घामाचा डाग धातूवर कायमचा बसतो. आणि घासणे बंद. चांदीवरचा काळसर थर राहू द्यायचा. जाणकार तो आधी बघतात.

प्रत्येक पाकिटासोबत एक चिठ्ठी असते: नाणे कुठून आले, वजन किती, काय वाचता येते. नाणे हरवले नाही तरी त्याची हकीकत हरवते, आणि मग उरते ती फक्त अकरा ग्रॅमच्या आसपासची चांदी.

गेल्या ईदला भाचीने बटवा मागितला. रिकामाच होता, दिला. तिने विचारले, "मामू, ते काळे रुपये घासून देऊ का?" मी तिला भिंग दिले आणि अंकुश शोधायला सांगितला. तिला तो माझ्याआधी सापडला. पुढे म्हणाली, "इथे एक आकडा आहे, बहुतेक दोन." मी अजून ते मान्य केलेले नाही, पण चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.