कानाचा डॉक्टर नक्की कोण? एयूडी आणि पीएचडीची गोष्ट

माझी पीएचडी झाली त्या दिवशी आजीने व्हिडिओ कॉलवर पहिलाच प्रश्न विचारला, "झालास ना कानाचा डॉक्टर? मग माझं मशीन शिट्टी का मारतं ते सांग." कारण मला सांगता आलं असतं, पण मशीन बसवून द्यायचं लायसन्स माझ्याकडे नाही. ऑडिओलॉजिस्ट व्हायचं तुमच्या मनात असेल, तर हा फरक अर्ज भरण्याआधी समजून घ्या. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धात तोफांच्या आणि विमानांच्या आवाजाने अनेक अमेरिकन सैनिकांना ऐकू येईनासं झालं. लष्कराने त्यांच्यासाठी खास केंद्रं उघडली. पेनसिल्वेनियातल्या बटलर इथल्या डेशॉन हॉस्पिटलच्या केंद्रात रेमंड कारहार्ट काम करत होते. ते मूळचे वाणीशास्त्राचे प्राध्यापक. युद्धानंतर ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात परतले आणि तिथे ऑडिओलॉजी शिकवायला सुरुवात झाली. म्हणजे हा व्यवसाय मेडिकल कॉलेजात नाही, विद्यापीठाच्या विभागात वाढला. त्यामुळे पदव्याही तिथल्याच: क्लिनिकसाठी मास्टर्स, संशोधनासाठी पीएचडी.

अडचण पुढे आली. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकन ऑडिओलॉजिस्टच्या संघटनेची आचारसंहिता नफ्यासाठी श्रवणयंत्र विकू देत नव्हती. तपासणी करायची ऑडिओलॉजिस्टने, मशीन द्यायचं दुकानदाराने! ते बंधन गेलं आणि रुग्णाची पूर्ण जबाबदारी अंगावर आली. त्याच सुमारास नवं ज्ञानही येत होतं. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कानातून येणारे सूक्ष्म ध्वनी नोंदवले, १९८४ मध्ये अमेरिकेत कॉक्लियर इम्प्लांटला मंजुरी मिळाली. हे सगळं दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये कसं मावणार?

१९८८ मध्ये जेम्स जर्गर यांच्या पुढाकाराने अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑडिओलॉजी स्थापन झाली. दंतवैद्यांसारखी आपलीही व्यावसायिक डॉक्टरेट हवी, ही मागणी जोर धरू लागली. १९९० च्या दशकात बेलर कॉलेज ऑफ मेडिसिन आणि सेंट्रल मिशिगन विद्यापीठात पहिले एयूडी अभ्यासक्रम सुरू झाले. २०१२ पासून आशा संस्थेच्या प्रमाणपत्रासाठी डॉक्टरेट सक्तीची झाली.

आता तुमच्यापुढचे रस्ते बघा. एयूडी साधारण चार वर्षांची, शेवटचं वर्ष बहुतेक क्लिनिकमध्ये. फी मात्र बऱ्याचदा कर्ज काढून भरावी लागते. पीएचडीत सहसा स्टायपेंड मिळतो, पण नुसत्या पीएचडीने रुग्ण तपासता येत नाहीत. दोन्ही हवं असेल तर काही विद्यापीठांत जोड अभ्यासक्रम आहेत, वर्षं जास्त लागतात. ब्रिटनमध्ये ऑडिओलॉजिस्ट व्हायला डॉक्टरेट लागतच नाही. भारतात चार वर्षांची बीएएसएलपी करून भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी केली की काम करता येतं. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ती शिकवतात.

म्हणून पदवीच्या नावावरून ठरवू नका. सोमवारी सकाळी तुम्हाला कुठे बसलेलं आवडेल, रुग्णासमोर की डेटासमोर, हे आधी स्वतःला विचारा. मी डेटा निवडला आणि त्याचा पश्चात्ताप नाही. पण हा प्रश्न मला वेळेवर कुणी विचारला नव्हता.

आणि आजीचं मशीन? तिच्या गावाजवळच्या एका बीएएसएलपी झालेल्या मुलीने ते दुरुस्त करून दिलं. इअर मोल्ड सैल झाला होता. आजी हल्ली तिलाच डॉक्टर म्हणते, आणि मला नावाने हाक मारते.