चारमिनारच्या चार वाटा

जुने हैदराबाद म्हटले की अरुंद गल्ल्या, गर्दी आणि वेडीवाकडी घरे, असेच चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर येते. मुस्लिम मोहल्ला म्हणजे नियोजनाचा अभाव, हा समजही त्यातूनच पोसला गेला. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

गोवळकोंड्याचा किल्ला वाढत्या वस्तीला अपुरा पडू लागला, तेव्हा मुहंमद कुली कुतुबशहाने १५९१ मध्ये मुसी नदीच्या दक्षिण तीरावर नवे शहर वसवले. नदीवरचा पूल १५७८ मध्येच बांधून झाला होता. रचनेचे श्रेय इराणमधून आलेल्या पेशवा मीर मोमीन अस्तराबादी यांना दिले जाते. आधी चौक ठरला, मग शहर. चार दिशांना जाणारे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथे चारमिनार उभा राहिला. उत्तरेला चार कमानींचा चौक झाला, रस्त्यांच्या कडेला बाजार आले आणि मधल्या चौकोनांत मोहल्ले वसले. म्हणजे शिस्त पहिली. गल्ल्यांची गुंतागुंत पुढच्या पिढ्यांची.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. हजारो माणसे दगावली. त्यानंतर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. पूर अडवण्यासाठी उस्मान सागर आणि हिमायत सागर बांधले गेले. १९१२ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद करण्यात आले. पत्थरगट्टीची दगडी कमानींची दुकाने ही त्याच कामाची खूण.

याच सुमारास लिओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली शहराची बारकाईने मोजणी झाली. त्या नकाशांत घरे, विहिरी, मशिदी, कबरस्तानेही नोंदली गेली. नकाशे नव्या शहरासाठी होते. पण जे पाडले गेले, त्याचीही साक्ष आज तेच देतात. पाडलेल्या घराचा दगड दुसऱ्या भिंतीत जातो, मोहल्ल्याचे नाव बोलण्यातून गळून पडते. कागदावरची रेघ तेवढी उरते.

आपला मराठवाडाही १९४८ पर्यंत याच संस्थानात होता. आपल्या गावांचे जुने नकाशे, वक्फच्या नोंदी, खासऱ्याचे कागद घरोघरी, दफ्तरोदफ्तरी वाळवीच्या तोंडी पडले आहेत. मोहल्ल्याचा इतिहास दुसऱ्याने लिहावा असे वाटत नसेल, तर हे कागद आपणच जपले पाहिजेत.