बोहल्यामागे कायद्याची सावली

डिसेंबर २०१७ मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी इटलीतल्या टस्कनीत लग्न केलं. फोटो देशभर फिरून होतात न होतात तोच एका वकिलाने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. या लग्नाची सूचना रोमच्या भारतीय दूतावासाला होती का? उत्तर आलं, नव्हती. लगेच चर्चा सुरू झाली, की आता यांना भारतात पुन्हा लग्न नोंदवावं लागणार. बातमी म्हणून ती चार दिवस टिकली. पण परमुलखात लागलेलं लग्न घरी कोणत्या आधारावर उभं राहतं, हा त्यामागचा प्रश्न अडीचशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याची सुरुवात निसर्गरम्य जागेच्या हौसेतून झालेली नाही. लोक सीमा ओलांडत ते पलीकडचा कायदा सैल होता म्हणून.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये गुपचूप लग्नांचा धंदा जोरात होता. फ्लीट या कर्जबुडव्यांच्या तुरुंगाच्या आसपास पैसे घेऊन कोणाचंही लग्न लावून देणारे पाद्री सहज मिळत. श्रीमंत घरची अल्पवयीन मुलगी आणि तिच्या मागोमाग तिची इस्टेट कोण पळवेल याचा नेम नव्हता. म्हणून लॉर्ड हार्डविक यांनी १७५३ चा विवाह कायदा आणला. चर्चमध्ये आगाऊ जाहीर घोषणा किंवा रीतसर परवाना सक्तीचा झाला. परवान्याने लग्न करायचं तर एकवीस वर्षांखालच्यांना आईबापांची संमती लागू लागली. मार्च १७५४ पासून अंमल सुरू झाला. स्कॉटलंडला मात्र हा कायदा लागू नव्हता.

तिथे जुनाच रिवाज चालू राहिला. मुलगा चौदाचा, मुलगी बाराची, दोघांनी एकमेकांना नवरा-बायको म्हटलं की लग्न पक्कं. ना पाद्री लागे, ना बापाची परवानगी. साक्षीदार हवेत ते पुढेमागे वाद झालाच तर पुराव्यासाठी. इंग्लंडकडून येताना सीमा ओलांडली की पहिलं गाव लागे ग्रेटना ग्रीन. तिथला लोहार लग्न लावू लागला आणि ‘ऐरणीचे पुरोहित’ ही नवीच जमात उदयाला आली. गिऱ्हाईक बघून दक्षिणा ठरे. मागून मुलीचा बाप घोडागाडी पिटाळत येत असेल तर घासाघीस करायला नवरदेवाला सवड कुठली! जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली लिडिया पळून जाते तीही ग्रेटना ग्रीनच्या आशेनेच.

या पळापळीवर इंग्लंडने काढलेला तोडगा आजच्या वेडिंग प्लॅनरलाही चुकवता येत नाही. १८५६ मध्ये लॉर्ड ब्रूम यांच्या कायद्याने अट घातली, की दोघांपैकी एकाने तरी लग्नाआधी एकवीस दिवस स्कॉटलंडमध्ये राहिलेलं असावं. लग्नाला बंदी नाही, फक्त मुक्कामाची सक्ती. तीन आठवडे वाट पाहायची म्हटल्यावर पळून जाण्यातली निम्मी हवा तिथेच निघते. ऐरणीवरची लग्नं पूर्ण थांबायला १९४० उजाडावं लागलं. ग्रेटनात आजही वर्षाला हजारो लग्नं लागतात, पण आता रीतसर नोंदणी करून आणि निव्वळ हौसेखातर.

नुसत्या मुक्कामाने सगळं सुटत नाही, हे ब्रूक खटल्याने दाखवलं. विल्यम ब्रूक या इंग्रज गृहस्थाची बायको वारली आणि त्याला तिच्या बहिणीशी लग्न करायचं होतं. आपल्याकडे बायको वारल्यावर मेहुणीशी लग्न लावणं ही मुलांच्या काळजीपोटी घरच्यांनीच सुचवायची गोष्ट. इंग्लंडमध्ये मात्र १८३५ पासून असं लग्न सरसकट रद्दबातल होतं. म्हणून १८५० मध्ये दोघं तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडे असलेल्या होल्श्टाइन प्रांतात वान्ड्सबेकला गेली. तिथे हे नातं चालत होतं. लग्न तिथल्या रीतीने अगदी बिनचूक लागलं, मुलं झाली, आणि १८५५ मध्ये नवरा-बायको दोघंही काही दिवसांच्या अंतराने कॉलऱ्याने गेली. मग वारसाहक्काचा वाद उभा राहिला. १८६१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला. लग्नाचा विधी कसा असावा हे जिथे लग्न लागलं तिथला कायदा सांगेल, पण या दोघांचं लग्न मुळात होऊ शकतं का, हे त्यांच्या घरचा कायदा सांगेल. वान्ड्सबेकचा विधी निर्दोष ठरला आणि लग्न तरीही शून्य. मुलं अनौरस ठरली. इंग्लंडने मेहुणीशी लग्नाला मुभा दिली ती थेट १९०७ मध्ये. मला या निकालाचा रागही येतो आणि त्याच्या रेखीवपणाचं कौतुकही वाटतं, कारण भारतासह जगातली कितीतरी न्यायालयं आजही हीच दुहेरी मोजपट्टी हातात घेऊन बसतात.

आपल्याकडेही सीमा ओलांडून लग्न लावायच्या वाटा होत्या, आणि त्या पळून जाणाऱ्या प्रेमिकांच्या नव्हत्या, वडीलधाऱ्यांच्या होत्या. शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू होणार म्हटल्यावर त्याआधीच बालविवाह उरकून घ्यायची देशभर घाई उडाली. कायदा होता ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. संस्थानांच्या हद्दीत तो पोचत नव्हता, आणि संस्थानं तर गावोगाव पसरलेली. १९३८ च्या दुरुस्तीने हे भोक बुजवलं. ब्रिटिश प्रजाजन कुठेही असला तरी कायदा त्याच्या मागे जाईल, असं ठरलं.

मुंबई प्रांताने पुढे हाच धडा गिरवला. हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा १९४६ चा कायदा करताना त्यात एक कलम मुद्दाम घातलं गेलं, की लग्न प्रांताबाहेर लागलं असलं, पण दोघांपैकी एकाचाही अधिवास मुंबई प्रांतात असेल, तर तेही रद्दच. त्या काळचा नकाशा समोर धरला की कलमाची गरज लगेच पटते. कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, जत ही संस्थानं प्रांताच्या पोटातच, आणि खाली पोर्तुगीज गोवा. बैलगाडीने दुपारपर्यंत परक्या कायद्यात पोचता येत होतं. या कायद्याला आव्हान मिळालं तेव्हा १९५१ मध्ये छागला आणि गजेंद्रगडकर यांच्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पीठाने तो उचलून धरला. नरसू अप्पा माळी खटला म्हणून वकील मंडळी अजून त्याचा हवाला देतात.

कायद्यासाठी सीमा ओलांडणं जगात अजून संपलेलं नाही. इस्रायलमध्ये विवाह धार्मिक संस्थांच्या हाती आहे, म्हणून मिश्रधर्मीय जोडपी सायप्रसला जाऊन नागरी विवाह करून येतात. लेबनॉनच्या जोडप्यांचीही हीच वाट.

भारतीयांसाठी १९६९ मध्ये विदेशी विवाह अधिनियम आला. दोघांपैकी एक जण भारतीय नागरिक असला की परदेशातल्या भारतीय विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करता येतं. पण आधी नोटीस हवी, नोटिशीपूर्वी एकाचा तरी तिथे तीस दिवसांचा मुक्काम हवा, मग हरकतींसाठी आणखी तीस दिवस. विधी अधिकाऱ्याच्या कार्यालयात, तीन साक्षीदारांसमोर आणि दारं उघडी ठेवून. लेक कोमोच्या काठावर तीन दिवसांसाठी व्हिला घेणाऱ्याला यातलं काहीच जमणारं नाही. ब्रूम साहेबांचे एकवीस दिवस इथे वाढून बसलेत. दुसरी वाट म्हणजे तिथल्या कायद्याने लग्न करून मग ते दूतावासात नोंदवायचं. आणि याच कायद्यात असंही म्हटलंय, की त्याच्याबाहेर परदेशात लागलेल्या लग्नाच्या वैधतेला त्याने धक्का लागत नाही. टस्कनीच्या लग्नावरची चर्चा या कलमाशी पोचलीच नाही.

तिथल्या कायद्याने करायचं तर कागद लागतात: अविवाहित असल्याचा दाखला, जन्मदाखला, भाषांतरं, शिक्के. १९६१ च्या हेग करारातलं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा एकच शिक्का, भारतात २००५ पासून चालू झालं आणि करारात असलेल्या देशांपुरती शिक्क्यांची साखळी आखूड झाली. थायलंडमध्ये तर समुद्रकिनाऱ्यावरच्या सोहळ्याला कायद्याच्या लेखी काहीच किंमत नाही. जिल्हा कार्यालयातली नोंद म्हणजे लग्न.

म्हणून अनेक मराठी घरं शहाणपणाची वाट धरतात. विशेष विवाह कायद्याखाली पुण्या-ठाण्यात निबंधकासमोर आधी सह्या, मग बालीत किंवा फुकेतला मंगलाष्टकं. यातही एक खाच आहे. सह्या हिंदू विवाह कायद्याखाली आणि तेही विधी न करता केल्या, तर त्या दाखल्याने लग्न सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. विशेष विवाह कायद्यात उलट: तीन साक्षीदार, दोघांचा उच्चार आणि सह्या झाल्या की लग्न तिथेच पुरं. मग फुकेतला भटजींनी कितीही नेमका मुहूर्त साधला, तरी व्हिसाच्या अर्जात विवाहाची तारीख म्हणून निबंधकाच्या कार्यालयातलीच भरावी लागते, आणि पत्रिकेवर ती कुठेच छापलेली नसते.