मांस खारविणे : मिठाचे प्रमाण व विषबाधा

मांस टिकविण्यासाठी त्यास मीठ चोळण्याची वा ते खाऱ्या पाण्यात मुरविण्याची पद्धत प्राचीन आहे. परंतु मीठ नेमके किती असावे याचा शास्त्रीय उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत झाला नव्हता. मीठ जंतूंना विषाप्रमाणे मारीत नाही. ते मांसातील पाणी बांधून ठेवते आणि जंतूंची वाढ खुंटते. म्हणून मांसाच्या एकूण वजनापेक्षा त्यातील पाण्यात विरघळलेल्या मिठाचे प्रमाण महत्त्वाचे असते.

व्ह्युर्टेंबेर्क येथील वैद्य व कवी यूस्टीनुस केर्नर यांनी १८२०–२२ मध्ये सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचे तपशीलवार वर्णन केले होते. तिचे कारण मात्र बेल्जियममधील एल्झेल या गावच्या दुर्घटनेमुळे कळले. तेथे डिसेंबर १८९५ मध्ये एका अंत्यविधीत वाद्ये वाजविणाऱ्या मंडळींनी खारवून धुरी दिलेली डुकराची मांडी न शिजविता खाल्ली. अंधुक दृष्टी, गिळण्यास अडचण व पक्षाघात अशी लक्षणे दिसून तिघे दगावले. गेंट येथील प्राध्यापक एमील व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून व एका मृताच्या प्लीहेतून जो जंतू वेगळा केला, तोच आजचा क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम होय. तो ऑक्सिजनरहित स्थितीतच वाढतो आणि पिंपाच्या तळाशी खाऱ्या पाण्यात बुडालेल्या मांसात नेमकी हीच स्थिती असते. मीठ कमी पडल्यास रक्षणाचा उपायच असा घातक ठरतो. पुरेसे मीठ असल्यास विष तयार होत नाही, हेही त्यांनी दाखविले.

या जंतूच्या काही प्रकारांची वाढ पाण्यातील मीठ सु. ५ टक्के झाल्यावर थांबते, इतरांना सु. १० टक्के लागते. शिवाय मीठ हाडालगतच्या भागात सावकाश पोहोचते. तोपर्यंत मांस थंड ठेवावेच लागते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू तर याहूनही अधिक मीठ सोसतो.

इतके खारट मांस खाववत नाही. ही उणीव सोऱ्याने भरून काढली. सोऱ्याचे जंतूंमुळे नायट्राइट बनते, असे एडुआर्ट पोलेन्स्के यांना १८९१ मध्ये आढळले; मांसाचा लाल रंग त्यापासूनच येतो, हे जे. एस. हॉल्डेन यांनी १९०१ मध्ये दाखविले. नायट्राइट बॉट्युलिनमला आवर घालते, पण शुद्ध स्वरूपात ते माणसालाही मारक आहे. त्यामुळे जर्मनीने १९३४ च्या कायद्यान्वये ते ०·५ ते ०·६ टक्के प्रमाणात मिठात मिसळूनच वापरण्याचे बंधन घातले. १९५६ मध्ये मॅगी व बार्न्‌स यांनी डायमिथिल नायट्रोसामिनामुळे उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो असे दाखविल्यावर प्रश्न नव्याने उभा राहिला. कारण नायट्राइट व अमाइने यांच्या संयोगाने, विशेषतः बेकन तळताना, अशी संयुगे बनतात. अमेरिकेने १९७८ मध्ये बेकनसाठी किलोग्रॅममागे १२० मिग्रॅ. नायट्राइट व त्यासोबत ॲस्कॉर्बेट ठरवून दिले. इटलीतील पार्मा येथील मांडी मात्र केवळ समुद्री मिठाने व दीर्घकाळ वाळवून तयार करतात.