माळवद, पत्रा आणि काच : हदगावकडच्या घरांचा थोडा इतिहास

इतिहास म्हटलं की आपल्याला राजवटी आणि लढाया आठवतात. आज आपण त्यातलं काही घेणार नाही. आजचा विषय आहे खिडकी. घराला ती कुठं असावी, केवढी असावी आणि तिला काय बसवावं? प्रश्न साधा वाटतो, पण या प्रश्नात मराठवाड्याची शंभर-दीडशे वर्षं गुंतलेली आहेत.

हदगावात आज एखादं नवं बांधकाम किंवा जुन्या घराची दुरुस्ती चालू असेल तिथं जरा उभं राहून बघा. लाकडी चौकट, लोखंडी गज आणि दोन फळ्यांची खिडकी निघते आणि तिथं अॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसते, काळसर काचेची. धूळ कमी येते, घर दिसायला चांगलं दिसतं, सुतारामागं हिंडावं लागत नाही. हे सगळं खरं आहे. पण मे महिन्यात त्याच घरात रात्री अकरा वाजता पंखा लावला तर तो गरम हवाच खाली ढकलतो. हे असं का होतं, ते समजायला जुन्या घरात शिरावं लागेल.

आपल्याकडे जमिनीचे दोन भाग पूर्वीपासून मानतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. काळी माती कापसाला उत्तम, पण घराला वाईट. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पांढरी माती खारवट असते, ती पाणी लवकर मुरू देत नाही. म्हणून घर बांधायचं पांढरीवर आणि पांढरीनंच. भिंती दगड-मातीच्या, दोन-अडीच फूट जाडीच्या. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं आणि फळ्या किंवा काटक्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे आपलं माळवद. सागवान लागायचं, आणि किनवट-माहूरचं जंगल त्यासाठी फार लांब नव्हतं. घर मोजायचं ते खोल्यांत नाही, खणांत.

या घराला बाहेरच्या अंगानं खिडक्या जवळजवळ नसायच्या. वाडा असेल तर उंच भिंत, एक मोठा दरवाजा, आत ढाळज आणि मग चौक. घराचा उजेड आणि वारा चौकातून यायचा. लहान घराला चौक कुठला? तिथं माळवदालाच एक भोक ठेवत, त्याला सवणं म्हणत. काही गावांत साणं म्हणतात. चुलीचा धूर त्यातून वर जायचा, उजेडाचा एक कवडसा खाली यायचा, आणि पाऊस आला की पोरं वर चढून त्यावर फरशी नाहीतर घमेलं झाकायची. हदगाव 1948 पर्यंत निझामाच्या राज्यात होतं. चोर-दरोड्याची भीती हे बिनखिडकीच्या भिंतीचं एक कारण होतंच. दुसरं कारण ऊन. चाळीस-बेचाळीस अंशाचं ऊन आणि झळा घरात येऊच द्यायच्या नाहीत, हा तो हिशेब.

आता यात विज्ञान काय आहे ते बघा. जाड माती आणि दगड तापायला वेळ घेतात. दुपारी वर पडलेलं ऊन खालच्या अंगाला पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री घरातली माणसं तर माळवदावर झोपायला गेलेली असतात. हिवाळ्यात हेच उलटं कामाला येतं. दिवसभराचं ऊन भिंतींनी साठवलेलं असतं, पहाटेच्या गारठ्यात घर उबदार राहतं. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गरम, असं म्हातारी माणसं सांगतात ते आठवणीनं गोड झालेलं नाही. ते जाड मातीचं काम आहे.

पण आम्ही इथं माळवदाची आरती करायला उभे नाही. दर वर्षी पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकावी लागायची. गळतं म्हणून माती, भेग पडली म्हणून माती. जुनी काढण्याचे कष्ट कोण घेणार? तिच्यावरच नवी पडायची. अशा रीतीनं दोन-तीन पिढ्यांत डोक्यावर किती वजन चढलं याचा हिशेब कुणीच ठेवला नाही.

तो हिशेब 30 सप्टेंबर 1993 ला झाला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. सुमारे 8 हजार माणसं गेली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांत मोडणारा नव्हता आणि त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसं मारली ती मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंतींनी आणि वरच्या मातीच्या ओझ्यानं. भिंतीच्या दोन अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच, त्यामुळे भिंती मधून फाटल्या. काही घरांत तर भिंती ढासळल्या आणि आतले खांब-तुळया तशाच उभ्या राहिल्या.

पुढं जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. 52 गावं नव्या जागी वसवली. जमीनधारणेप्रमाणे 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरं दिली. ज्या गावांत घरं उभी होती तिथं भिंतींत आरपार दगड घालून मजबुती करायचंही ठरलं. ते कमी पैशाचं आणि शहाणपणाचं काम होतं, पण लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला होता. किल्लारीपासून हदगाव सरळ रेषेत जवळपास दोनशे किलोमीटर. इथं घरं पडली नाहीत, भीती मात्र पोचली. माळवद आधीच महाग झालं होतं, सागवान मिळत नव्हतं, वाळवी होती, दर वर्षी माती वाहायला माणूस मिळत नव्हता. त्यात ही भीती आली. ज्याच्याकडे पैसा होता त्यानं स्लॅब टाकला, ज्याच्याकडे नव्हता त्यानं पत्रे घातले.

म्हणजे झालं काय? हादऱ्याला उत्तर मिळालं आणि ऊन परत घरात आलं. पत्रा तापला की त्याच क्षणी खाली झळ. चार-पाच इंचाचा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळनंतर ती उष्णता खोलीत सोडतो, नेमकी झोपायच्या वेळी. आणि पत्रा उडू नये म्हणून लोकांनी त्यावर काय ठेवलं? दगड! 21 मार्च 2024 ला आणि पुन्हा 10 जुलैला शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, ते आपल्याकडेही जाणवले. तेव्हा नांदेडच्या प्रशासनाला सांगावं लागलं की पत्र्यावरचे दगड काढून घ्या. तीस वर्षांत आपण डोक्यावरची माती काढली आणि तिच्या जागी सुटे दगड ठेवले.

आता काचेकडे येऊ. काचेचं हे वेड आलं थंड मुलखातून. इंग्लंडात 1696 ते 1851 पर्यंत खिडक्यांवर कर होता. लोक कर चुकवायला खिडक्या विटांनी बुजवत. काचेवरचा कर 1845 ला उठला, 1851 ला लंडनच्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टननं अख्खा काचेचा महाल उभा केला, आणि पुढं मध्यमवर्गीय घरांच्या मागंही काचेच्या खोल्या आल्या. आज आपल्यापैकी कुणाची मुलं तिकडे असतील तर त्यांच्या घरी दुहेरी काचेच्या खिडक्या असतात. दोन काचांमध्ये कोंडलेली हवा आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. मागच्या काचेच्या खोलीत कोवळं ऊन साठतं. त्यांचं भांडण थंडीशी आहे, म्हणून त्यांना ते बरोबर आहे.

काच उन्हाला आत येऊ देते, पण तापलेल्या वस्तूंची उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. शेतातलं पॉलीहाउस ज्यानं बघितलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. पश्चिमेच्या भिंतीत मोठी काच बसवून वर छज्जा दिला नाही, तर आपण राहायच्या खोलीचं पॉलीहाउस करतो. त्यात सरकत्या खिडकीची एक फळी कायम दुसरीच्या मागं राहते, म्हणजे खिडकी कितीही रुंद घेतली तरी उघडते अर्धीच. जुनी दोन फळ्यांची खिडकी पूर्ण उघडायची. मग आपण कूलर आणतो आणि दारं-खिडक्या लावून बसतो. कूलरची ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत नुसती चिकचिक होते. सवणं हीच ती वाट होती.

या सगळ्यातून आम्हाला एक गोष्ट दिसते. दर पिढीनं घर बदललं ते आधी आलेल्या संकटाकडे बघून. दरोडा आणि ऊन बघून भिंत जाड केली, गळती बघून माती चढवली, भूकंप बघून ती उतरवली, धूळ बघून काच लावली. प्रत्येक उत्तर त्या वेळेपुरतं बरोबर होतं, पण आधीचा प्रश्न त्या नादात विसरला गेला.

तेव्हा खिडकी बदलायची असेल तर जरूर बदला. पण उघडणारी घ्या, समोरासमोरच्या भिंतींत घ्या, म्हणजे वारा आरपार जाईल. पश्चिमेला लहान ठेवा आणि वर छज्जा द्या. छताजवळ एक झरोका ठेवा, गरम हवा वरच जाते. स्लॅबला उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात द्या. पत्रा असेल तर तो नटबोल्टनं बांधा, दगड नको, आणि खाली हलकं छत करून मध्ये हवेची पोकळी ठेवा. जुनी दगडी भिंत ठेवायची असेल तर जाणकार गवंड्याकडून आरपार दगड घालून घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराला सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपयांचं अनुदान ठरलं होतं. एवढ्यात काय काय बसणार, असं कुणीही विचारेल. पण खिडकी कुठल्या भिंतीत काढायची, याला पैसे लागत नाहीत. ते चुना आखायच्या दिवशीच ठरतं, आणि त्या दिवशी घरातल्या म्हातारीला विचारलं तर वारा कुठून येतो हे तिला माहीत असतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.