गर्भातला जीव : एका प्रश्नाचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे ते शब्दाचे मूळ सांगितल्यावाचून धड्यात पुढे जात नसत. बडोद्याच्या ह्याच शाळेत, साठ वर्षांपूर्वी, त्यांनी एकदा 'डोहाळे' ह्या शब्दाची फोड केली होती. डोहाळा म्हणजे संस्कृतातील दोहद. आणि त्याच्या मुळाशी दोन हृदये असलेली स्त्री आहे, असे ते म्हणाले होते. वर्ग हसला होता. मीही हसलो होतो. पुढे त्या शब्दाने मला बराच काळ स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून आजचा विषय त्यांच्या चरणी ठेवतो.

सुश्रुताच्या शारीरस्थानात गर्भाच्या चौथ्या महिन्यात हृदय व्यक्त होते, तेथपासून गर्भाला इच्छा होऊ लागतात आणि त्या आईच्या तोंडून बोलतात, असे सांगितले आहे. म्हणून ती 'दौर्हृदिनी'. त्याच प्रकरणात गर्भाचा कोणता अवयव प्रथम उत्पन्न होतो ह्याविषयी आचार्यांचा वाद आहे. शौनक म्हणतात डोके, कृतवीर्य म्हणतात हृदय, पाराशर्य म्हणतात नाभी, मार्कंडेय म्हणतात हातपाय, सुभूती गौतम म्हणतात धड. धन्वंतरी सर्वांना बाजूस सारून सर्व अंगे एकदमच होतात असा निर्णय देतात. चरकाने मात्र शुक्र, शोणित आणि जीव ह्यांचा संयोग कुक्षीत होताच त्यास 'गर्भ' ही संज्ञा दिली. तेव्हा प्रारंभीच जीव मानणारा आणि हळूहळू व्यक्त होणारा जीव मानणारा, असे दोन्ही पक्ष आपल्या वैद्यकात शेजारी नांदत होते.

धर्मशास्त्राने ह्याचा हिशेब सुतकात केला. पराशरस्मृतीप्रमाणे चौथ्या महिन्यापर्यंत 'स्राव', पाचव्या-सहाव्यात 'पात', त्यापुढे 'प्रसूती'. मनूने स्रावात जितके महिने तितक्या रात्री अशौच सांगितले. भ्रूणहत्या महापातकांच्या पंगतीस बसविणाऱ्या ह्याच परंपरेने गर्भ गळाल्याचा शोक मात्र चढत्या मापाने मोजला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हे मी केवळ ग्रंथांतून सांगत नाही. 1979 साली माझ्या पत्नीचा गर्भ चौथ्या महिन्यात गेला. इस्पितळाच्या कागदावर एका ओळीत त्याची नोंद झाली. घरी आत्या होत्या, त्यांनी पंचांग न पाहता सांगितले, "तिला चार रात्री, तुला नुसते स्नान." मी स्नान केले व तिसऱ्या दिवशी महाविद्यालयात शिकविण्यास गेलो. संध्याकाळी परतलो तेव्हा ती म्हणाली, "माझे काय गेले, ते तरी कोणी सांगाल का?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिच्या प्रश्नाचा माग काढीतच मी पुढील वाचन केले.

युरोपातही प्रारंभ असाच होता. ॲरिस्टॉटलने मुलाच्या गर्भास चाळीस दिवस व मुलीच्या गर्भास नव्वद दिवस अशी मुदत घातली; मुलींना आकार येण्यास दुप्पट वेळ का लागावा, हे त्या थोर पुरुषालाच ठाऊक! थॉमस अक्वायनसने मानवी आत्मा मागाहून येतो हेच मत स्वीकारले. रोमच्या चर्चने 1869 मध्ये शिक्षेपुरता हा भेद काढून टाकला. इंग्लंडच्या रूढ कायद्यात कसोटी होती ती आईला पोटात हालचाल जाणवण्याची. ह्यास 'क्विकनिंग' म्हणत, आणि ती साधारण सोळा ते वीस आठवड्यांच्या सुमारास येते. फाशीची शिक्षा झालेली स्त्री गरोदर असल्याचे सांगू लागली तर न्यायालय जाणत्या बायकांची पंचमंडळी बसवी. गर्भ हालत असल्याचे त्यांनी सांगितले की फाशी पुढे ढकलली जाई. म्हणजे ह्या बाबतीतील साक्ष स्त्रीच्या जाणिवेची होती. तिच्याहून अधिक जाणणारा दुसरा कोणी नव्हता.

ही साक्ष एकोणिसाव्या शतकात तिच्या हातून गेली. 1821 मध्ये केर्गारादेकने स्टेथोस्कोप लावून गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकल्याचे पॅरिसच्या वैद्यक अकादमीत सांगितले. 1827 मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअरने कुत्रीच्या बीजकोशात सस्तन प्राण्याचे अंडे प्रथम पाहिले. 1875-76 च्या सुमारास ऑस्कर हेर्टविगने सागरी अर्चिनच्या अंड्यात दोन केंद्रके एक होताना पाहिली. गर्भाचा विकास अखंड चालतो, हालचाल जाणवण्याच्या दिवशी त्यात नवे काही घडत नाही, हे आता उघड झाले. अमेरिकेत होरॅशिओ स्टोरर ह्या डॉक्टराने 1857 पासून चळवळ चालविली आणि 1859 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने हालचालीची जुनी कसोटी अज्ञानमूलक ठरवून गर्भपाताविरुद्ध ठराव केला. विज्ञानाचा आधार खराच होता; परंतु सुइणींच्या हातून व्यवसाय काढून घेण्याची आकांक्षाही त्यामागे होती, असे इतिहासकार दाखवितात, आणि मला ते पटते.

ह्या वादातील सर्वांत बोधप्रद प्रसंग एप्रिल 1981 मध्ये वॉशिंग्टन येथे घडला. 1973 च्या 'रो विरुद्ध वेड' निकालात न्यायमूर्ती ब्लॅकमन ह्यांनी जीवन केव्हा सुरू होते हा अवघड प्रश्न न्यायालयाने सोडविण्याची गरज नाही, असे म्हटले होते. तेव्हा विरोधकांनी काँग्रेसकडूनच त्याचे उत्तर वदवून घेण्याचे ठरविले. सिनेटर जेसी हेल्म्स ह्यांच्या विधेयकात, आजचा वैज्ञानिक पुरावा पाहता गर्भधारणेपासून प्रत्यक्ष मानवी जीवन असल्याची मोठी शक्यता दिसते, अशा आशयाचे वाक्य घातले होते. सिनेटर जॉन ईस्ट ह्यांच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या. पॅरिसचे जेरोम लजून आले. डाउन सिंड्रोम एका अधिक गुणसूत्रामुळे होतो हे 1959 मध्ये जगापुढे मांडणाऱ्यांपैकी ते एक. फलनानंतर नवा मनुष्य अस्तित्वात येतो ही रुचीची किंवा मताची बाब नव्हे, असे त्यांनी निक्षून सांगितले. चुंबकीय फितीचा दृष्टान्त त्यांना प्रिय होता : फितीवर जसे संगीत आधीच कोरलेले असते, तसा माणूस गुणसूत्रांत. त्यांच्यासमोर येल विद्यापीठाचे आनुवंशशास्त्रज्ञ लिऑन रोझेनबर्ग उभे राहिले. फलित अंडे जिवंत आहे हे त्यांनी नाकारले नाही. परंतु 'प्रत्यक्ष मानवी जीवन' केव्हा असते ह्या प्रश्नास लागू पडेल असा वैज्ञानिक पुरावा आपणास ठाऊक नाही, आणि धर्म व तत्त्वज्ञान ह्यांचा प्रश्न विज्ञानाच्या गळ्यात बांधू नका, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनेही ह्याच आशयाचा ठराव केला. विधेयकाचा कायदा झाला नाही.

मी दोन्ही बाजू पुनःपुन्हा वाचल्या. लजून ह्यांचे म्हणणे पोकळ नव्हते : नवा जनुकसंच फलनातच जुळतो, आणि पुढची कोणतीही रेघ त्याहून मऊ आहे. परंतु फलन हासुद्धा क्षण नव्हे, ती काही तासांची प्रक्रिया आहे. त्या फलित अंड्यातून पुढे जुळी होऊ शकतात. तेव्हा एका माणसाचे दोन झाले म्हणावे, की अजून एकही ठरला नव्हता म्हणावे? क्वचित त्यातून भ्रूणच न होता द्राक्षाच्या घोसासारखी गाठ वाढते. अनेक फलित अंडी गर्भाशयात रुजतच नाहीत व आईस पत्ताही लागत नाही. ह्याच कारणास्तव ब्रिटनमध्ये मेरी वॉरनॉक ह्यांच्या समितीने 1984 मध्ये प्रयोगशाळेतील भ्रूणास चौदा दिवसांची मर्यादा सुचविली व 1990 च्या कायद्याने ती मान्य केली. त्या सुमारास भ्रूणावर पहिली अक्षरेषा उमटते आणि त्यानंतर सहसा जुळी होत नाहीत. मेंदूच्या बाह्यकाशी संवेदनामार्ग जुळतात ते सुमारे चोविसाव्या आठवड्याच्या आसपास. गर्भ बाहेर जगू शकतो तो काळही आता त्याच्याच जवळ आला आहे. जीवशास्त्र ह्या साऱ्या तारखा प्रामाणिकपणे देते. त्यांतली कोणती तारीख माणूसपणाची, हे निवडणारा माणूस असतो. 2022 मध्ये 'डॉब्स' निकालाने 'रो' रद्द केला, तेव्हा त्या न्यायालयानेही गर्भास हक्क केव्हा लाभतात ह्याविषयी आपले मत दिले नाही. पन्नास वर्षांनी, उलट बाजूचा निकाल देताना, तेच मौन!

आपल्याकडे वाद निराळ्या वाटेने आला. शांतिलाल शाह समितीचा अहवाल 1966 चा, कायदा 1971 चा. त्यामागे असुरक्षित गर्भपातांत दगावणाऱ्या स्त्रियांची चिंता होती. जीव केव्हा येतो हे त्या कायद्यात कोठेही सांगितलेले नाही. वीस आठवड्यांची मर्यादा घातली, आणि 2021 मध्ये काही वर्गांतील स्त्रियांसाठी ती चोवीस केली. मग गर्भजलपरीक्षा आली. तिच्यावर राज्य म्हणून पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, केंद्राचा 1994 मध्ये झाला. मुली वाचविण्याच्या त्या रास्त लढ्यात 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द भिंतीभिंतींवर रंगविला गेला. भाषेच्या शिक्षकाला येथे थांबावे लागते. सूत्रग्रंथांत 'भ्रूण' म्हणजे वेदपारंगत ब्राह्मण असाही अर्थ होता, आणि तेव्हापासून ह्या समासाला महापातकाचा वास आहे. स्त्री-चळवळीतील अनेकांनी आक्षेप घेतला की ह्या शब्दाने कायदेशीर गर्भपात करणारी प्रत्येक स्त्री खुनी ठरते; 'लिंगनिवड' म्हणा. मी तो आक्षेप योग्य मानतो. अन्याय मुलगी नको म्हणण्यात आहे. तो दाखविण्यासाठी गर्भ केव्हा माणूस होतो हा न सुटलेला प्रश्न एका समासात गुपचूप सोडवून टाकणे बरे नव्हे.

एक गोष्ट सांगायची राहिली. इंग्लंडने 1837 मध्येच हालचालीचा भेद कायद्यातून काढला होता. तरी 1860 च्या आपल्या दंडसंहितेच्या कलम 312 मध्ये तो राहिला : साध्या गर्भपातास तीन वर्षांपर्यंत कैद, स्त्री 'क्विक विथ चाइल्ड' असल्यास सात वर्षांपर्यंत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली; तिच्या कलम 88 मध्ये तोच भेद, त्याच मुदतींसह आहे. ते कलम मी पत्नीला वाचून दाखविले. तिने विचारले, म्हणजे अजून आईलाच विचारावे लागते तर? मी म्हटले, कायद्याचे शब्द तरी तसेच आहेत. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली की 1979 च्या त्या आदल्या आठवड्यात तिला एकदा पोटात काही हालल्यासारखे वाटले होते; पण चौथ्यात इतक्या लवकर कसे असेल म्हणून तिने ते कोणाला सांगितले नव्हते.